लाल लघवी थांबली म्हणून तपासणी थांबवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्या निमित्ताने आपण काढलेली पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मुतखडा, मधुमेह, रक्तदाब, डायालिसिस, किडनीदान, पाणी किती प्यावं, मीठ किती खावं, सगळं होतं आणि चांगलं होतं. किडनीच्या कॅन्सरवर मात्र एक ओळही नव्हती. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरइतका हा आजार आढळत नाही, त्यामुळे जागा वाटताना तो मागे राहतो हे मी समजू शकते. पण जगभरात दरवर्षी ४ लाखांहून अधिक लोकांना हे निदान होतं, आणि गाठ किडनीच्या आत असतानाच सापडली तर बहुतेक माणसं पुढे वर्षानुवर्षं चांगली जगतात. ती वेळेवर सापडण्याची संधी आपल्याकडे कशी हातची जाते, हे मी आधी नोकरीत पाहिलं आणि मग घरात पाहिलं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य तेवढं छापावं ही विनंती.

मी बडोद्याची. रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. रक्त, लघवी, थुंकी, काय येईल ते तपासायचं आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीला ठेवायचा, हे आमचं काम. आपल्या गुजरातेत मुतखडा घरोघरी. लघवी लाल झाली म्हणून बाटली घेऊन येणारा माणूस स्वतःच सांगायचा, "पथरी आहे, खात्री करून द्या." आमच्या भागातले मराठी लोकही पथरीच म्हणतात. आणि पुष्कळदा ती पथरीच असायची. अडचण नेमकी इथेच आहे. नव्वद वेळा बरोबर ठरलेला अंदाज एक्क्याण्णवाव्या वेळी कोणी तपासून पाहत नाही.

लाल लघवी आली की आम्ही ती नळीत घालून मशीनमध्ये फिरवायचो. बीट खाल्लेल्या माणसाची लघवी फिरवली तर रंग वरच्या पाण्यातच राहतो, तळाशी काही बसत नाही. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर लघवी नारिंगी होते, तिथेही तळ स्वच्छ. खरं रक्त असेल तर तळाशी लाल थर बसतो आणि वरचं पाणी निवळतं. मग तळाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तांबड्या पेशी वेड्यावाकड्या, तुटक्या असतील तर त्या बहुधा किडनीच्या गाळण्यांतून झिरपलेल्या असतात, आणि तो आजार वेगळा. पेशी गोल, एकसारख्या, धडधाकट असतील तर रक्त मूत्रमार्गात कुठेतरी थेट मिसळतंय. कुठून, हे आमचा सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. खड्याने ओरखडलं असेल, जंतुसंसर्ग असेल, पुरुषांत प्रोस्टेट असेल, मूत्राशयातली किंवा किडनीतली गाठ असेल. ते शोधायला सोनोग्राफी लागते, पुढे सीटी स्कॅन, आणि मूत्राशय आतून पाहायला दुर्बीण. लघवीचा रिपोर्ट तिथवर जायला सांगतो, उत्तर देत नाही.

आता घरचं. माझे मोठे दीर, आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणतो, रेल्वेतून निवृत्त होऊन प्रतापनगरला राहतात. वय ७१. रक्तदाबाची गोळी जुनी, तरुणपणापासून सिगारेट, पोट सुटलेलं. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, बडोद्यात घरात कोणी थांबत नाही. भाऊजी नातवंडांबरोबर सकाळपासून गच्चीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. "उन्हात उभा राहिलो, पाणी पोटात गेलं नाही, उन्हाळी लागली असेल," असं त्यांनीच ठरवलं. जवळच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "कंई नथी काका, पथरी हशे. पाणी वधारे पीजो." (काही नाही, मुतखडा असेल, पाणी जास्त प्या.) पाच दिवसांची अँटिबायोटिक्स मिळाली. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली आणि घरातल्या सगळ्यांनी विषय सोडून दिला.

या जागी मला प्रत्येक वाचकाला थांबवायचं आहे. किडनीतल्या गाठीचं रक्त सतत येत नाही. एखाद्या दिवशी येतं, आपोआप थांबतं, आणि महिनोन्‌महिने पुन्हा दिसत नाही. त्या मधल्या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं. अँटिबायोटिकने थांबलं, गोखरूच्या काढ्याने थांबलं, नारळपाण्याने थांबलं, असं माणूस मनापासून सांगतो, कारण थांबलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वेदना नसणं हेही आपल्याला शुभ वाटतं. मुतखड्याची कळ कमरेपासून जांघेपर्यंत माणसाला लोळवते. ज्या लाल लघवीला अशी कळच नाही, तिथे पथरी गृहीत धरायला खरं तर कमी आधार असतो, आणि आपण नेमकं उलटं समजतो.

चैत्रात भाऊजींना पुन्हा रक्त आलं, या वेळी लांबट, दोऱ्यासारख्या गुठळ्या पडल्या. अशा गुठळ्या बहुधा वरून, किडनीतून मूत्रनलिकेत उतरताना तिचा आकार घेऊन येतात. जाऊबाईंनी मला फोन केला. मी सँपलची वाटही पाहिली नाही, सरळ सोनोग्राफीला घेऊन गेले. सोनोग्राफीवाले डॉक्टर डाव्या बाजूला येऊन थांबले, प्रोब फिरवून पुन्हा तिथेच आले, आणि भाऊजींना श्वास रोखून धरायला सांगितलं. मी इतकी वर्षं या क्षेत्रात काढली आहेत. डॉक्टरांचा हात एकाच जागी घुटमळायला लागला की मला पुढचं कळतं. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ५ सेंटिमीटरहून थोडी मोठी, घट्ट गाठ होती.

त्याच सकाळी केलेला क्रिएटिनिनचा रिपोर्ट होता १.०. अगदी नॉर्मल. धाकट्या पुतण्याने तो हातात घेऊन विचारलं, "काकू, किडनी फंक्शन नॉर्मल आहे, मग कॅन्सर कसा?" हा प्रश्न मला लॅबच्या खिडकीवर फार वेळा ऐकायला मिळाला आहे, म्हणून नीट सांगते. क्रिएटिनिन सांगतं की दोन्ही किडन्या मिळून रक्त किती गाळतात. एका किडनीत गाठ असली तरी उरलेला भाग आणि दुसरी किडनी काम चोख करत राहते, त्यामुळे आकडा हलत नाही. आपण दरवर्षी जे फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतो, त्यातला किडनी प्रोफाइल चांगला आला म्हणजे किडनीत गाठ नाही असं मुळीच नाही. या कॅन्सरसाठी रक्ताची वेगळी खूणचाचणीही नाही. गाठ दिसते ती सोनोग्राफीत किंवा सीटीत. जगभरात आज किडनीच्या निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटीत अचानक सापडतात. पित्ताशयातले खडे पाहायला गेलेल्या बाईला किडनीतली गाठ कळते. जुन्या पुस्तकांत या आजाराची तीन लक्षणं एकत्र दिली असत: लघवीत रक्त, कुशीत दुखणं, हाताला लागणारी गाठ. ती तिन्ही एकाच रोग्यात हल्ली दहांतल्या एकातही दिसत नाहीत, आणि जेव्हा दिसतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

एक दिलासाही सांगितला पाहिजे, नाहीतर हे पत्र वाचून लोक जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट काढून घाबरतील. रिपोर्टात "सिंपल सिस्ट" लिहिलेलं असेल तर ती पाण्याने भरलेली साधी पिशवी असते. पन्नाशीनंतर ती पुष्कळांना असते आणि तिचा कॅन्सरशी संबंध नसतो. घट्ट गाठ, किंवा आत पडदे आणि जाड भिंती असलेली सिस्ट, ही मात्र युरॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनला, दाखवायचीच. अशा सिस्टचे धोक्यानुसार वर्ग पाडायची बोस्नियाक नावाच्या डॉक्टरांची पद्धत १९८६ पासून चालत आली आहे, त्यामुळे रिपोर्टात "बोस्नियाक ३" वगैरे लिहिलेलं असेल तर तो आकडा डॉक्टरांना आवर्जून वाचून दाखवा.

भाऊजींचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, घालून सीटी झाला. त्या काळ्यापांढऱ्या चित्रात ती गाठ उजळून निघाली होती. ती का उजळते, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण पुढची औषधं त्यातूनच आली. किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत मोठा प्रकार क्लिअर सेल. त्यात व्हीएचएल नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं. एरवी ते पेशीला सांगतं की प्राणवायू पुरेसा आहे, शांत राहा. ते बंद पडलं की पेशीला सतत वाटत राहतं आपण गुदमरतोय, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. म्हणून गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून ती कॉन्ट्रास्टने उजळते, म्हणून तिच्यातून रक्त येतं. पेशी प्राणवायू कसा ओळखते हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

मग सुरू झाली घरातली बैठक. ज्याच्या घरात कॅन्सर शिरला आहे त्याला ती ठाऊक असेल. एक म्हणाले, आधी बायोप्सी करा, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासा. दुसरे म्हणाले, सुई लावू नका, सुई लागली की पसरतो. तिसऱ्यांनी ओळखीच्या वैद्यांचं नाव काढलं. चौथे म्हणाले, या वयात किडनी काढून माणूस आयुष्यभर अधू करायचा का? जाऊबाई कोपऱ्यात बसून फक्त एवढंच विचारत होत्या, "किती दिवस आहेत?"

या प्रत्येकाचं उत्तर युरॉलॉजिस्टनी शांतपणे दिलं, आणि ते मी इथे लिहिते, कारण हीच बैठक दुसऱ्या कुठल्यातरी घरात आज चालू असेल. सीटीवर गाठ स्पष्ट कॅन्सरसारखी दिसत असेल आणि ऑपरेशन करायचंच असेल, तर आधी बायोप्सीची गरज बहुधा नसते. निर्णय ज्यावर बदलणार असेल तिथे बायोप्सी करतात. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठींत साधारण पाचांतली एक निरुपद्रवी निघते, तिथे ती उपयोगी पडू शकते. सुईमुळे पसरण्याचे प्रकार अतिशय विरळा आहेत. भीतीपोटी सुई नाकारून महिने घालवण्यात धोका कितीतरी जास्त. नेहमीची केमोथेरपी या कॅन्सरवर फारशी चालत नाही, म्हणून "आधी केमो देऊन बघू" हा पर्यायच नसतो. आणि किडनी पूर्ण काढावी लागलीच तरी एका चांगल्या किडनीवर माणूस नीट जगतो. किडनीदान केलेले आईबाप आपल्या अवतीभोवती आहेतच.

पण भाऊजींची किडनी पूर्ण काढावी लागली नाही, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं की गाठ टोकाला आहे, बाहेरच्या बाजूला फुगलेली आहे, मुख्य रक्तवाहिन्यांपासून लांब आहे. तिच्यापुरता भाग काढून बाकीची किडनी वाचवता येईल. यालाच पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. गाठीसाठी किडनीचा तेवढाच भाग काढण्याचं पहिलं ऑपरेशन चेर्नी या जर्मन शल्यवैद्याने १८८७ मध्ये केलं होतं, पण पुढे बराच काळ सगळीकडे पूर्ण किडनी काढण्याचाच रिवाज राहिला. १९९० मध्ये अमेरिकेत क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा किडनी काढली आणि पोटावरचा मोठा छेद टळायला लागला. आता दुर्बिणीने किंवा रोबोटने किडनीचा भागही काढतात. किडनीला जाणारी रक्तवाहिनी चिमटा लावून बंद करायची, रक्तपुरवठा थांबलेल्या थोड्या मिनिटांत गाठ निरोगी कडेसकट कापायची, शिवायचं, चिमटा काढायचा. ते हाताला सवय असलेल्या सर्जनचं काम आहे. म्हणून ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत जवळजवळ नेहमी, आणि ७ पर्यंतच्या गाठीत जिथे जमेल तिथे, रोग्याने स्वतःहून विचारावं: "डॉक्टर, किडनी वाचवून गाठ काढता येईल का? तुम्ही स्वतः अशी ऑपरेशनं करता का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला पुढच्या वीस वर्षांसाठी किडनीचा प्रत्येक वाचलेला तुकडा हवा असतो. उत्तराने समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्या. बडोद्याहून तासाभरावर नडियादला मूत्रविकारांसाठीच असलेलं मुळजीभाई पटेल रुग्णालय १९७८ पासून आहे, अहमदाबादला गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. आठदहा दिवस दुसऱ्या मताला दिल्याने या कॅन्सरमध्ये सहसा काही बिघडत नाही. पाच महिने काढ्याला दिल्याने बिघडतं. फार वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाची गाठ अगदी लहान असेल, तर ती गोठवून किंवा जाळून नष्ट करतात, किंवा नियमित स्कॅन करत नुसती नजर ठेवतात. तेही उपचारच आहेत, टाळाटाळ नव्हे.

ऑपरेशननंतर गाठीचे काप पाहायला मला जुन्या सहकाऱ्यांनी बोलावलं. ताजी कापली तेव्हा ती पिवळीधमक होती. पेशींत चरबी असते. काप तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती चरबी विरघळून जाते आणि काचेवर पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. ग्रेड २, म्हणजे फार आक्रमक नसलेली, आणि कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नाहीत. ते वाक्य मी जाऊबाईंना मराठीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्या रडल्या.

भाऊजींनी सिगारेट सोडली. अंगदुखीची गोळी आता विचारल्याशिवाय घेत नाहीत, कारण त्या गोळ्या किडनीला जड जातात. ठरलेल्या वेळी स्कॅन होतात. हा कॅन्सर कधीकधी फार वर्षांनी, दहा वर्षांनंतरसुद्धा, फुफ्फुसात किंवा हाडात डोकं वर काढतो, म्हणून "पाच वर्षं झाली, सुटलो" असं म्हणून फाईल माळ्यावर टाकू नये.

गाठ वेळेवर सापडण्याचं हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या नणंदेच्या विहीणबाई मांजलपूरला राहतात. त्यांच्या लघवीत रक्त आलं की प्रत्येक वेळी युरिन इन्फेक्शनचं औषध मिळायचं. बाईमाणूस, साठीच्या पुढची, जळजळही थोडी असायची, मग दुसरा विचार कोण करतो? कल्चरमध्ये जंतू वाढले नव्हते, हा रिपोर्ट घरात पडून होता. बायकांच्या बाबतीत हा उशीर जास्त होतो, हे मी लॅबमध्ये पाहिलंय. जंतू नाहीत आणि रक्त आहे, असा रिपोर्ट आला तर त्याच दिवशी सोनोग्राफीची चिठ्ठी मागा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनाही हेच. त्या गोळ्यांनी आलं असेल म्हणून सोडू नका. गोळ्या फार तर लपलेली जखम उघडी पाडतात.

विहीणबाईंची गाठ सापडली तेव्हा ती फुफ्फुसांत पोचली होती. घरच्यांचा पहिला आग्रह होता की किडनी लगेच काढा. डॉक्टरांनी आधी औषध सुरू केलं, तेव्हा मुलांना वाटलं आपल्याला सोडून दिलं. तसं नसतं. पसरलेल्या आजारात आधी किडनी काढूनच सुरुवात केली पाहिजे असं नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्मेना नावाच्या अभ्यासाने दाखवलं. कोणाची काढायची, कोणाची नाही, हे रोग्यागणिक ठरतं.

त्यांना सुनिटिनिब मिळालं. रक्तवाहिन्या मागवणारी जी हाक मी वर लिहिली, ती हाक अडवणारी ही गोळी. चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे थांबायचं. घरच्यांना या गोळीबद्दल जे आधी कळायला हवं ते मी लिहिते. तळवे लाल होतात, सोलतात, चपलेत पाय घालवत नाही. विहीणबाई सुती मोजे घालून घरात वावरायच्या आणि रात्री तळव्यांना युरियाचं मलम चोळायच्या. तोंडाची चव जाते. केस पांढरे होतात. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या तेव्हा नात त्यांना ओळखीनाशी झाली. रक्तदाब चढतो, म्हणून घरी मशीन हवं. थायरॉइड मंदावतं, म्हणून अधूनमधून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करावी लागते. यातलं बरंच सांभाळता येतं, फक्त त्रास होतोय म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना फोन करावा. पुढे त्यांना इम्युनोथेरपीही सुरू झाली. आपल्याच प्रतिकारशक्तीचे लगाम सैल करणारी ही औषधं किडनीच्या कॅन्सरसाठी २०१५ पासून वापरात आली. खर्च लाखांत जातो. पण विहीणबाईंच्या फुफ्फुसातल्या गाठी लहान झाल्या आहेत आणि त्या नातीच्या मुंजीच्या तयारीत आहेत. हो, नातीच्याच, त्यांच्या घरात मुलींचीही करतात. पसरलेल्या आजारातही आज पुष्कळ काही करता येतं, हे सांगण्यासाठी त्यांचं उदाहरण दिलं.

खर्चाचं निघालं म्हणून एक गोष्ट. माझे यजमान इथल्या एका औषध कंपनीत होते, त्यामुळे ९ मार्च २०१२ चा निकाल आमच्या घरात मोठ्याने वाचला गेला होता. सोराफेनिब ही किडनी आणि यकृताच्या वाढलेल्या कॅन्सरवरची गोळी तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना मिळत असे. भारताच्या पेटंट कार्यालयाने देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय तेच औषध बनवायची मुभा, हैदराबादच्या नॅटको कंपनीला दिला आणि तेच औषध महिन्याला ९ हजारांच्या आत विकण्याची अट घातली. आज या वर्गातल्या कितीतरी गोळ्या जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाच्या स्वस्त रूपात, मिळतात. म्हणून पहिल्या चिठ्ठीचा आकडा ऐकून हातपाय गाळू नका, डॉक्टरांना जेनेरिकबद्दल विचारा. गुजरातेत आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ऑक्टोबर २०२४ अखेरीपासून ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता कार्ड काढता येतं. कार्ड आजार व्हायच्या आधी काढून ठेवा. दाखल होण्याच्या दिवशी आधार कार्डावरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून धावपळ करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या दिवशी त्यांनी बापाजवळ असायला हवं होतं.

आता माझं मागणं. किडनीच्या कॅन्सरसाठी सरसकट सगळ्यांची सोनोग्राफी करा असं मी म्हणत नाही. तसं कोणी जाणकारही सांगत नाही. पण आपल्या शहरातली मराठी मंडळं गणपतीत आरोग्य शिबिरं घेतात, शुगर आणि रक्तदाब तपासतात. त्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवावा: "गेल्या काही वर्षांत कधी, एकदा तरी, लघवी लाल झाली होती का? तेव्हा सोनोग्राफी झाली होती का?" पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं ज्याचं असेल त्याला त्याच टेबलावर युरॉलॉजिस्टकडे जायची चिठ्ठी द्यावी. सिगारेट-बिडी ओढणारे, वजन आणि रक्तदाब जास्त असणारे, घरात कोणाला किडनीचा कॅन्सर झालेला असे लोक, आणि डायालिसिसवर वर्षं काढलेले रोगी, यांना तर हा प्रश्न तोंडाने विचारावा. पुरुष या गोष्टी बायकोलाही सांगत नाहीत, फॉर्मवर टिक करायला मात्र तयार होतात. माझ्या लॅबमधल्या माजी सहकाऱ्यांनाही विनंती आहे. जंतू नाहीत पण तांबड्या पेशी आहेत, असा लघवीचा रिपोर्ट असेल तर खाली एक ओळ लिहा, की पुढील तपासणीसाठी डॉक्टरांना भेटावं. रोगी ती ओळ वाचतो.

आपल्या पुढच्या आरोग्य पुरवणीत एवढा प्रश्न चौकटीत छापावा. ज्या मंडळांना शिबिराचा फॉर्म मराठीत आणि गुजरातीत हवा असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मी तो लिहून देईन, आणि शिबिराच्या दिवशी टेबलावर बसायलाही येईन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रावपुरा, वडोदरा
(घरच्यांच्या इच्छेनुसार नाव छापू नये.)